चित्र नेमके कुठे अडते?

टीव्हीला जोडलेल्या संगणकावर एखादी व्हिडिओ फाइल लावली आणि ती नीट चालली नाही, तर तक्रार बहुधा एकाच वाक्यात संपते: ‘फाइल चालत नाही.’ प्रत्यक्षात या वाक्याखाली कितीतरी वेगवेगळे बिघाड दडलेले असतात. कधी आवाज येतो पण पडदा काळा राहतो. कधी चित्र उत्तम दिसते पण पात्रांच्या तोंडून शब्द फुटत नाही. कधी कॅमेरा आडवा फिरताना चित्र बारीक ठेचा खाते, एरवी सगळे ठीक असते. कधी चित्र आणि आवाज दोन्ही सुरळीत, पण माणसांचे चेहरे जांभळे आणि झाडे भलत्याच हिरव्या रंगाची. ही चार लक्षणे चार निरनिराळ्या ठिकाणचे दोष सांगत असतात, तरी त्यांवर उपाय मात्र ठरलेले तीनच केले जातात: दुसरा प्लेअर टाकायचा, इंटरनेटवरून एखादा कोडेक पॅक उतरवायचा, नाहीतर फाइलच दुसऱ्या स्वरूपात बदलून घ्यायची. यांतला एखादा उपाय कधीकधी लागूही पडतो. पण का लागू पडला ते न कळल्यामुळे पुढच्या अडचणीच्या वेळी पुन्हा शून्यापासून सुरुवात होते, आणि दरम्यान संगणकात नको असलेल्या सॉफ्टवेअरची भर पडलेली असते. या लेखाचे म्हणणे एवढेच की फाइलवर संशय सर्वांत शेवटी घ्यावा. डिस्कपासून पडद्यापर्यंतच्या वाटेवर व्हिडिओ अनेक टप्पे पार करतो, प्रत्येक टप्प्यावरच्या बिघाडाचे लक्षण निराळे असते, आणि ते लक्षण नीट पाहिले तर बहुतेक वेळा उपाय शोधण्याआधीच जागा सापडते.

आधी ही वाट समजून घेऊ. एमकेव्ही किंवा एमपीफोर हे चित्र साठवण्याच्या पद्धतीचे, म्हणजे कोडेकचे, नाव नाही. ते कंटेनरचे, म्हणजे डब्याचे नाव आहे. डब्यावर काय लिहिले आहे यावरून आत पोळी आहे की भात हे कळत नाही, तसेच फाइलच्या नावापुढची अक्षरे पाहून आतले चित्र कसे दाबून भरले आहे हे कळत नाही. २००२ साली जाहीर झालेल्या मात्रोस्का प्रकल्पातून आलेल्या एमकेव्ही कंटेनरमध्ये २००३चे एच.२६४ चित्र असू शकते, २०१३चे एचईव्हीसी असू शकते किंवा २०१८चे एव्ही-१ही असू शकते. सोबत तीन भाषांतले आवाज आणि दोन भाषांतली सबटायटल्स त्याच फाइलमध्ये राहू शकतात. म्हणूनच फाइलच्या नावातले एमकेव्ही खोडून एमपीफोर लिहिण्याचा प्रचलित उपाय निरर्थक ठरतो. नाव बदलते, आतला ऐवज तोच राहतो. प्लेअर प्रथम कंटेनर उघडून चित्र, आवाज आणि मजकूर वेगळे करतो. मग दाबून भरलेले चित्र उलगडले जाते. या कामालाच डिकोडिंग म्हणतात. उलगडलेल्या चौकटी (फ्रेम) योग्य क्षणी, योग्य रंगांत पडद्यावर पाठवल्या जातात, आणि आवाज स्वतंत्र वाटेने टीव्ही किंवा स्पीकरांकडे जातो. मीडियाइन्फो नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडली की कंटेनर कोणता, चित्राचे कोडेक कोणते, चित्राचे रंग आठ बिटचे की दहा बिटचे, सेकंदाला किती चौकटी, आवाज कोणत्या प्रकारचा, हे सगळे एका पानावर दिसते. निदानाची सुरुवात या पानापासून करावी.

वाटेवरचा सर्वांत खर्चिक टप्पा डिकोडिंगचा. हे काम दोन प्रकारे होते. संगणकाच्या मुख्य प्रोसेसरने सॉफ्टवेअरच्या साहाय्याने चित्र उलगडायचे, किंवा ग्राफिक्स चिपमध्ये त्या कोडेकसाठीच घडवलेल्या सर्किटने ते करायचे. दुसऱ्या पद्धतीत वीज कमी लागते, पंखा शांत राहतो आणि जुजबी ताकदीचा संगणकही फोरके चित्रपट सहज दाखवतो. पण ते सर्किट कोडेकगणिक वेगळे असते, आणि चिप बनली तेव्हा त्यात जे नव्हते ते नंतर ड्रायव्हर टाकून येत नाही. इंटेलच्या २०१५च्या स्कायलेक पिढीतील ग्राफिक्स आठ बिटचे एचईव्हीसी पूर्णपणे सर्किटमध्ये उलगडते; दहा बिटच्या एचईव्हीसीसाठी मात्र त्यानंतरची केबी लेक पिढी यावी लागली. त्यामुळे एकाच संगणकावर, एकाच कोडेकच्या दोन फाइलींपैकी एक झुळझुळीत चालते आणि दुसरी अडखळते, आणि त्यात फाइलचा काही दोष नसतो. याहून चकवा देणारे उदाहरण जुन्या एच.२६४चे आहे. त्याचा आठ बिटचा प्रकार बहुतेक सगळी यंत्रे उलगडतात. जपानी अॅनिमेशनच्या चाहत्यांत लोकप्रिय झालेल्या दहा बिटच्या प्रकारासाठी बहुतेक ग्राफिक्स कार्डांत सर्किटच नाही. नवे यंत्र जुन्यापेक्षा सर्वच बाबतींत सरस असेल हेही गृहीत धरता येत नाही. २०२३मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय ५ या छोट्या संगणकात एचईव्हीसीचे सर्किट आहे, पण आधीच्या मॉडेलमध्ये असलेले एच.२६४चे सर्किट काढून टाकले आहे. ते काम आता त्याच्या वेगवान प्रोसेसरवर सोपवले आहे.

हा टप्पा तपासणे अवघड नाही. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये ग्राफिक्स कार्डाच्या पानावर ‘व्हिडिओ डिकोड’ नावाचा आलेख असतो. चित्रपट चालू असताना तो आलेख शून्याजवळ पडून आहे आणि मुख्य प्रोसेसर मात्र शंभर टक्क्यांना भिडला आहे असे दिसले, तर डिकोडिंग सर्किटऐवजी सॉफ्टवेअरने चालले आहे हे उघड होते. मग शक्यता उरतात दोनच. चिपमध्ये ती सोय आहे पण प्लेअरच्या सेटिंगमध्ये हार्डवेअर अॅक्सिलरेशन बंद आहे किंवा ड्रायव्हर जुना आहे. अथवा ती सोय चिपमध्ये मुळात नाहीच. पहिल्या स्थितीत पाच मिनिटांत काम होते, दुसऱ्या स्थितीत कितीही प्लेअर बदलले तरी होत नाही. उलटही घडते. चित्रात हिरवे पट्टे, चौकोनी ठिपके किंवा नुसता काळा पडदा येत असेल, तर ते सर्किट किंवा त्याचा ड्रायव्हर चुकत असण्याची शक्यता मोठी असते. अशा वेळी हार्डवेअर अॅक्सिलरेशन तात्पुरते बंद करून पाहावे. चित्र स्वच्छ झाले, तर फाइल निर्दोष ठरली आणि संशय ड्रायव्हरवर आला.

इथे कोडेक पॅकचा विषय येतोच. या सवयीमागे एके काळी खरे कारण होते. विंडोज एक्सपीच्या काळात प्लेअर स्वतः फारसे काही उलगडत नसत. ते विंडोजमध्ये नोंदवलेल्या फिल्टरांना काम देत. डायरेक्टशो नावाच्या या रचनेत प्रत्येक फिल्टरला अग्रक्रमाचा एक आकडा असे आणि योग्य त्या फिल्टरांपैकी वरच्या आकड्याचा आधी निवडला जाई. डिव्हएक्स, एक्सव्हिड, एसी-३ यांचे फिल्टर विंडोजबरोबर येत नसल्याने ते बाहेरून आणावेच लागत. अडचण अशी की एकावर एक पॅक टाकत गेले की एकाच कामासाठी तीन-चार फिल्टर हजर होत, आणि कोणता निवडला गेला हे वापरणाऱ्याला कळत नसे. एक पॅक काढून टाकला तरी त्याने बदललेल्या नोंदी मागे राहत. या गरजेचा गैरफायदाही घेतला गेला: २००५च्या अखेरीस दिसू लागलेला झ्लॉब नावाचा घातक प्रोग्राम ‘हा व्हिडिओ पाहण्यासाठी कोडेक टाका’ अशा बतावणीने संगणकांत शिरत असे. आज ती परिस्थिती राहिलेली नाही. फाब्रिस बेलार यांनी २००० साली सुरू केलेल्या एफएफएमपेग या मुक्त प्रकल्पाने जवळजवळ प्रत्येक प्रचलित कोडेकसाठी डिकोडर उपलब्ध करून दिले, आणि व्हीएलसी, कोडी, एमपीव्ही हे प्लेअर ते स्वतःसोबतच घेऊन येतात. विंडोजमधल्या फिल्टरांशी त्यांचा संबंध येत नाही. त्यामुळे या प्लेअरांत फाइल चालत नसेल तर कोडेक पॅक टाकून काही बदलत नाही. बाहेरून काही आणावे लागण्याचा ठळक अपवाद विंडोजच्या स्वतःच्या प्लेअरचा. ऑक्टोबर २०१७च्या मोठ्या अपडेटपासून नव्याने टाकलेल्या विंडोज १०मध्ये एचईव्हीसीचा डिकोडर येत नाही. तो मायक्रोसॉफ्टच्या दुकानातून वेगळा घ्यावा लागतो. आयफोनवर चित्रित केलेले व्हिडिओ काही संगणकांवर नुसता आवाज देतात त्यामागे पुष्कळदा एवढेच कारण असते.

यावर कोणी म्हणेल, मग व्हीएलसी टाकावा आणि विषय संपवावा, एवढी चिकित्सा कशाला? या म्हणण्यात तथ्य आहे. १९९६ साली पॅरिसच्या एकोल सांत्राल या अभियांत्रिकी संस्थेतील विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून सुरू झालेला आणि २००१पासून मुक्त परवान्यावर मिळू लागलेला हा प्लेअर स्वतःचे डिकोडर सोबत बाळगतो, म्हणूनच तो ‘काहीही चालवणारा’ म्हणून प्रसिद्ध झाला. पण त्याचा खरा उपयोग रामबाण औषध म्हणून नाही, तुलनेसाठी आहे. एका प्लेअरमध्ये न चालणारी फाइल स्वतःचे डिकोडर असलेल्या दुसऱ्या प्लेअरमध्ये चालली, तर फाइल आणि डिस्क दोन्ही शाबूत आहेत हे सिद्ध होते आणि दोष पहिल्या प्लेअरच्या सेटिंगांत किंवा डिकोडरमध्ये आहे एवढे निश्चित होते. दोन्हींत एकसारखेच बिघडले, तर प्लेअरवरचा संशय दूर होऊन तो हार्डवेअर, केबल, टीव्ही किंवा फाइल यांच्याकडे वळतो. एमपीव्हीमध्ये आय हे इंग्रजी अक्षर आणि कोडीमध्ये ओ हे अक्षर दाबले की कोणता डिकोडर काम करतो आहे, किती चौकटी गाळल्या गेल्या, अशी माहिती चित्रावरच उमटते. या आकड्यांचा फायदा असा की बोलणे अंदाजांवर राहत नाही. चौकटी गाळल्या जात असतील तर यंत्राला काम झेपत नाही. चौकट एकही गळत नसेल आणि तरी चित्र ठेचा खात असेल, तर अडचण पुढच्या कोणत्या तरी टप्प्यात आहे, आणि तिथे व्हीएलसी काय, कोणताही प्लेअर काय, एकटा पुरा पडत नाही.

डिकोडिंगच्याही आधीचा टप्पा फाइल वाचण्याचा. इथले लक्षण म्हणजे चित्र पूर्ण थांबते, थोड्या वेळाने पुन्हा सुरू होते, आणि थांबण्याची जागा दर वेळी वेगळी असते. साध्या ब्लू-रे डिस्कवरचे चित्र सेकंदाला जास्तीत जास्त ४० मेगाबिट घेते. फोरके ब्लू-रेवर हा वेग शंभर मेगाबिटांच्या पुढे जाऊ शकतो. या आकड्यांशी ताडून पाहिले की काही समजुती गळून पडतात. जुन्या यूएसबी २ जोडणीलाच दोष देण्याची पद्धत आहे, पण तीही प्रत्यक्षात सेकंदाला ३० मेगाबाइटच्या आसपास, म्हणजे २४० मेगाबिट देते. एका चित्रपटासाठी ते पुरेसे आहे. खरा संशयित बहुधा वायफाय असतो. राउटर एका खोलीत, टीव्ही दुसऱ्या खोलीत, मध्ये काँक्रीटची भिंत आणि शेजारच्या सगळ्या घरांचे राउटर त्याच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात, अशा स्थितीत प्रत्यक्ष मिळणारा वेग राउटरच्या खोक्यावर छापलेल्या आकड्याच्या आसपासही नसतो. शिवाय फाइलचा सरासरी वेग पाहून फसायला होते; धावपळीच्या, पावसाच्या किंवा स्फोटांच्या दृश्यांत तो सरासरीच्या कितीतरी वर उसळतो आणि नेमके तेव्हाच चित्र अडते. पडताळा सोपा आहे: तीच फाइल संगणकाच्या अंतर्गत डिस्कवर उतरवून लावावी. अडणे थांबले तर ग्राफिक्स कार्ड बदलण्याचा विचार सोडून नेटवर्कची केबल ओढावी.

आता त्या बारीक ठेचांकडे वळू, कारण इतका त्रास देऊनही इतक्या चुकीच्या जागी शोधला जाणारा दुसरा दोष नाही. चित्रपट बहुधा सेकंदाला २४ किंवा काटेकोरपणे २३.९७६ चौकटींचा असतो. संगणक टीव्हीला एका सेकंदात ६० वेळा, म्हणजे ६० हर्ट्झ या रिफ्रेश रेटने, चित्र पाठवत असतो. २४ने ६०ला भाग दिला की अडीच येतात, आणि अर्धी चौकट दाखवता येत नाही. म्हणून एक चौकट तीनदा आणि पुढची दोनदा दाखवली जाते. बोलत्या चेहऱ्यांत हा असमतोल जाणवत नाही, पण कॅमेरा संथपणे आडवा सरकू लागला की चित्र लंगडते. भारतात टीव्हीची पद्धत पाल होती, म्हणून आपल्याकडच्या डीव्हीडी, व्हीसीडी आणि दूरचित्रवाणीची मुद्रणे सेकंदाला २५ चौकटींची असतात. ६० हर्ट्झवर त्यांचाही हिशेब जुळत नाही, ५० हर्ट्झवर मात्र प्रत्येक चौकट बरोबर दोनदा दिसते. उपाय म्हणजे चित्रपटानुसार टीव्हीचा रिफ्रेश रेट बदलणे. कोडीमध्ये ही सोय सेटिंगमध्येच आहे. ती सुरू केली की फाइल लागताना टीव्ही क्षणभर काळा होतो आणि योग्य वेग पकडतो. सूक्ष्म फरकही मोजण्याजोगे असतात: २३.९७६चा चित्रपट नेमक्या २४ हर्ट्झवर दाखवला, तर दर सुमारे ४२ सेकंदांनी एक चौकट दोनदा दाखवावी लागते. ठेच अशा ठरावीक अंतराने येत असेल तर यंत्राला काम झेपत नाही असा निष्कर्ष काढू नये. थकलेले यंत्र इतके नियमित चुकत नाही. याच वर्गातले दुसरे लक्षण जुन्या लग्नाच्या चित्रीकरणांत आणि मराठी नाटकांच्या डीव्हीडींत दिसते. हात हलला की त्याच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेषा उमटतात. ते चित्र इंटरलेस्ड आहे, म्हणजे सम आणि विषम ओळी दोन वेगळ्या क्षणी टिपल्या आहेत. प्लेअरमध्ये डीइंटरलेसिंग सुरू केले की रेषा जातात; मुद्रण खराब झाले असे समजून ते टाकून देण्याचे कारण नाही.

रंगांचे बिघाड तर लक्षणावरून जवळजवळ नेमके ओळखता येतात. सारे चित्र धुतल्यासारखे फिके आणि राखाडी वाटत असेल, तर फाइल एचडीआर, म्हणजे उजेडाचा मोठा पल्ला नोंदलेली, आहे आणि ती साध्या पडद्यावर, उजेडाचे माप न बदलता दाखवली जाते आहे. हे माप बदलण्याच्या कामाला टोन मॅपिंग म्हणतात. ते करणारा प्लेअर वापरावा किंवा टीव्ही त्या प्रकारचा असेल तर विंडोजमध्ये एचडीआर सुरू करावे. चेहरे जांभळे आणि हिरवे दिसत असतील, तर ती बहुधा डॉल्बी व्हिजनच्या पाचव्या प्रोफाइलची फाइल असते. तिच्यातले रंग वेगळ्या पद्धतीने नोंदलेले असतात आणि ती पद्धत न जाणणारा प्लेअर त्यांचा चुकीचा अर्थ लावतो. रंग बरोबर पण काळा रंग राखाडी, किंवा उलट अंधारातले सगळे तपशील गडप, अशी तक्रार असेल तर ना फाइल दोषी ना प्लेअर. व्हिडिओच्या जगात काळा रंग १६ या आकड्याने आणि पांढरा २३५ने लिहिण्याची रीत आहे, संगणकाच्या जगात ० आणि २५५ने. ग्राफिक्स कार्ड एक रीत पाळते आणि टीव्ही दुसरी, एवढाच तो गोंधळ असतो, आणि दोन्हीकडची सेटिंग सारखी केली की तो मिटतो.

आवाजाची वाट निराळी असल्याने तिचे निदानही निराळे करावे लागते. चित्र आहे पण आवाज नाही, असे एखाद्याच फाइलबाबत होत असेल तर पासथ्रू ही सोय तपासावी. पासथ्रू सुरू असताना संगणक आवाज उलगडत नाही. तो दाबलेल्या स्थितीतच टीव्हीकडे किंवा रिसिव्हरकडे पाठवतो. पुढच्या यंत्राला ते स्वरूप कळत नसेल तर शांतता पसरते, क्वचित खरखर ऐकू येते. ऑप्टिकल केबलमधून डॉल्बी डिजिटल आणि साधे डीटीएस जाते, पण ट्रूएचडी जात नाही; एचडीएमआयच्या जुन्या एआरसी मार्गालाही ते पेलत नाही, त्यासाठी ईएआरसी लागते. पासथ्रू बंद केला की संगणक स्वतः आवाज उलगडतो आणि बहुतेक वेळा तो लगेच ऐकू येतो. ओठ आणि शब्द जुळत नसतील तर एकच प्रश्न विचारावा: फरक सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखा राहतो की वाढत जातो? सारखा राहत असेल तर टीव्हीची चित्रप्रक्रिया किंवा ब्लूटूथ स्पीकर उशीर करतो आहे, आणि प्लेअरमध्ये तेवढा विलंब भरून काढता येतो. वाढत असेल तर चौकटींच्या वेगाचा हिशेब चुकला आहे. सबटायटल्सनाही हीच कसोटी लागते. २३.९७६ चौकटींच्या आवृत्तीसाठी तयार केलेली सबटायटल्स २५ चौकटींच्या आवृत्तीला जोडली, तर तासाभरात जवळजवळ अडीच मिनिटांचे अंतर पडते; अशा वेळी ती पुढे-मागे सरकवून भागत नाही, त्यांचा वेगच बदलावा लागतो. मराठी सबटायटल्सच्या जागी चौकोन दिसले तर निवडलेल्या फाँटमध्ये देवनागरी नाही. अर्थहीन अक्षरांची गिचमिड दिसली तर मजकूर युनिकोडमध्ये नाही किंवा प्लेअरने त्याचे एन्कोडिंग चुकीचे ओळखले आहे. जोडाक्षरे तुटली आणि वेलांट्या भलतीकडे गेल्या तर त्या प्लेअरला देवनागरीची जुळणी नीट येत नाही. या तिन्हींतही व्हिडिओशी काही कर्तव्य नसते.

एवढे टप्पे तपासून झाल्यावरच फाइलकडे वळावे, कारण फाइल खरोखर बिघडल्याची खूण स्पष्ट असते: प्रत्येक प्लेअरमध्ये, प्रत्येक यंत्रावर ती नेमक्या त्याच जागी अडते. कॉपी अर्धवट झाली असेल तर आकार मूळ फाइलपेक्षा कमी भरतो. फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर ४ गिगाबाइटहून मोठी फाइल मावतच नाही, हेही विसरले जाते. फोन किंवा कॅमेऱ्याची बॅटरी चित्रीकरण चालू असताना संपली, तर एमपीफोर फाइलची अनुक्रमणिका लिहायची राहून जाते. अशी फाइल उघडतच नाही, पण आतले चित्र बहुधा असते आणि त्याच कॅमेऱ्याची दुसरी चांगली फाइल नमुना म्हणून घेऊन ते वाचवणारी साधने मिळतात. फाइल चालते पण पुढे-मागे नेता येत नाही, अशी तक्रार असेल तर कंटेनरच बदलावा. एमकेव्ही टूलनिक्ससारख्या मोफत साधनाने चित्राला हात न लावता ते नव्या कंटेनरमध्ये भरता येते, आणि त्याला काही मिनिटेच लागतात. इथे सरसकट रूपांतराचा आग्रह धरणाऱ्यांना उत्तर द्यायला हवे. सगळे एच.२६४मध्ये बदलून टाकले की सगळीकडे चालेल, हे खरे आहे. पण प्रत्येक रूपांतरात चित्राचा थोडा तपशील कायमचा जातो, दहा बिटचे आठ बिट आणि एचडीआरचे साधे रंग होतात, तासन्‌तास यंत्र राबते, आणि दोष वायफाय किंवा रिफ्रेश रेटचा असेल तर एवढे करूनही ठेच तशीच राहते. ज्या यंत्रात ते कोडेक उलगडण्याची ताकदच नाही आणि जे बदलणेही शक्य नाही, तिथे रूपांतर हा न्याय्य उपाय; अन्यथा नाही.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे. काही हजारांत स्ट्रीमिंग स्टिक मिळत असताना संगणकाची ही उठाठेव करावीच का? ज्यांना फक्त नेटफ्लिक्स किंवा प्राइम व्हिडिओसारख्या सेवा पाहायच्या आहेत, त्यांनी खरोखरच करू नये. त्या सेवांचे चित्र कुलूपबंद असते, आणि संगणकाच्या ब्राउझरमध्ये ते कमी दर्जाचे दिसले तर बहुतेकदा ती सेवेनेच घातलेली मर्यादा असते. ती कोणत्याही सेटिंगने उठत नाही. फोरके ब्लू-रेच्या बाबतीत तर पैसे मोजून घेतलेली डिस्कही अडकली. संगणकावर ती अधिकृत सॉफ्टवेअरने चालवण्यासाठी इंटेलचे एसजीएक्स नावाचे सुरक्षा-तंत्र आवश्यक होते, आणि इंटेलने २०२१पासूनच्या डेस्कटॉप प्रोसेसरांतून ते काढून टाकले. निदानाला अशा मर्यादा आहेत, आणि त्या वेळीच ओळखणे हाही निदानाचाच भाग आहे. पण ज्यांच्याकडे स्वतःच्या फाइलींचा संग्रह आहे त्यांना स्टिकमध्येही याच सगळ्या टप्प्यांतून जावे लागते. तिचीही कोडेकची यादी ठरलेली, तिचेही वायफाय त्याच भिंतीआड. फरक एवढाच की तिथे व्हिडिओ डिकोडचा आलेख पाहता येत नाही, ड्रायव्हर बदलता येत नाही आणि एखादे कोडेक नसेल तर नवी स्टिक घेण्यावाचून गत्यंतर नसते.

म्हणून तपासणीचा क्रम ठरवून घ्यावा. मीडियाइन्फोमध्ये फाइल पाहावी, ती अंतर्गत डिस्कवर आणून लावावी, दुसऱ्या प्लेअरशी तुलना करावी, हार्डवेअर अॅक्सिलरेशन एकदा सुरू आणि एकदा बंद करून पाहावे, मग रिफ्रेश रेट, रंग आणि आवाजाची सेटिंग तपासावीत. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन बदलल्या तर गुण कशाने आला ते कळत नाही. या सगळ्याला फार तर अर्धा तास लागतो, एक चित्रपट रूपांतरित करण्यापेक्षा बहुधा कमीच. वेळेपेक्षाही मोठा प्रश्न संग्रहाचा आहे. विकत मिळणारा चित्रपट पुन्हा आणता येतो. वीस वर्षांपूर्वीच्या मुंजीचे, आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाचे किंवा गावच्या नाट्यस्पर्धेचे चित्रीकरण पुन्हा होत नाही. ‘चालत नाही’ म्हणून अशा फाइली पुसल्या जातात, किंवा घाईने निकृष्ट रूपांतर करून मूळ प्रत फेकली जाते. टीव्ही, ग्राफिक्स चिप आणि प्लेअर हे सारे काही वर्षांनी बदलणारच आहेत, आणि आजच्या यंत्राला न झेपलेली फाइल पुढच्या यंत्रावर निमूट चालण्याची शक्यता मोठी आहे. रूपांतरित प्रत हवी तर जरूर करावी, पण मूळ फाइल दोन वेगळ्या डिस्कवर जपून ठेवावी आणि ती बिघडली असा निकाल बाकी सगळे टप्पे तपासल्याखेरीज देऊ नये.